‘इन्क्रीज’चा धडा

“हळू...”

दार ढकलल्याबरोबर तिच्या कानावर पडलेला हा पहिला शब्द. माणूस दिसायच्या आधी आवाज आला. आवाजही असा, की जणू तो शब्दच पाय न वाजवता आत आला होता.

ती जागच्या जागी थांबली. मागे दार मिटलं आणि बाहेरचं जग एकदम तुटलं— रस्त्यावरचे हॉर्न, लिफ्टची कुरकुर, खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या यंत्राची घरघर, सगळं. कानात कापूस घातल्यासारखं झालं. इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावरची ती एवढीशी खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, छताला उजेडासाठी प्लास्टिकचा एक पत्रा, मधोमध मायक्रोफोन, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी गळ्यात हेडफोन अडकवलेला एक उंच, काटकुळा माणूस.

“कागद द्यायला आलेय,” ती म्हणाली. “शेवटच्या धड्याचे.”

“देव पावला!”

हे म्हणाले ते दाराआडच्या खुर्चीत बसलेले सर. काम करता करता कानांनी इंग्रजी शिकू पाहणाऱ्यांसाठी— शिंपी, ड्रायव्हर, नर्स, घरी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायका— सर एकेका शब्दाचे धडे रेकॉर्ड करून घेत. ती एका कॉलेजात तात्पुरती शिकवायची आणि उरलेल्या वेळात हे धडे लिहायची. वाचणारी बाई वेगळी होती, आणि त्या बाईंचा आवाज आदल्या दिवशीच बसला होता.

“आता तुम्हीच वाचा,” सर म्हणाले.

“मी? अहो सर, मी फक्त लिहिते.”

“लिहिणाऱ्याला वाचता येत नाही असं कधी ऐकलंय का? बसा, बसा.” आणि ते निघूनही गेले. सरांना नेहमीच कुठेतरी जायचं असे.

ती मायक्रोफोनसमोर बसली. काटकुळ्या माणसाने हेडफोन कानांवर चढवले, एक बटण दाबलं, आणि लगेच सोडलं.

“तुमचं जाकीट बोलतंय, बाई.”

“काय?”

“सळसळतं. काढता का?”

तिने जाकीट काढलं. मग हातातलं कडं बोललं, ते काढलं. मग कानातले डूल. प्रत्येक वेळी तो तितक्याच ओशाळ्या चेहऱ्याने बटण सोडत होता, जणू चूक त्याचीच होती. पुन्हा एकदा बटण सुटलं तेव्हा मात्र ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “आता काय राहिलं?”

“काही नाही.” तो टेबलाकडे बघत पुटपुटला. “तुम्ही... जेवला नाहीत वाटतं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“ऐकू आलं.”

तिचे कान लाल झाले. मग तिला हसू आलं, आणि आलेलं थांबेना. तो हसला नाही. त्याने खणातून बिस्किटांचा पुडा काढून पुढे केला.

“मऊ पडलीयेत,” तो म्हणाला. “म्हणजे... चावताना आवाज नाही होत.”

इमारतीत सगळे त्याला ‘हळू’ म्हणत, हे तिला त्या दिवशी जिना उतरताना कळलं. खाली पहारेकऱ्याने विचारलं, “हळूकडे गेला होतात का?” ती म्हणाली, “नाही, भराभर चढले.” पहारेकरी बराच वेळ हसत होता. हसण्याचं कारण तिला रस्त्याच्या कोपऱ्यावर पोचल्यावर समजलं.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. घडली म्हणावी का, तेही नक्की सांगता येत नाही, कारण त्यात कुणीच काही केलं नव्हतं.

धडा ‘इन्क्रीज’ या शब्दाचा होता. वाढणं, वाढवणं, आणि वाढ, तिन्हीला तो एकच शब्द. बोलताना फक्त जोर सरकतो. नाम असेल तर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर शेवटच्यावर. वर्गात फळ्यासमोर उभं राहून हे तिने कितीदा तरी शिकवलं होतं. मायक्रोफोनपुढे मात्र जोर कुठल्या कुठे पडायला लागला. पगार वाढला तिथे तो पहिल्या अक्षरावर गेला, पगारातली वाढ आली तिथे शेवटच्यावर. कसाबसा धडा संपला. ती उठायला लागली तसा त्याने हात वर केला.

“रिकामं मिनिट राहिलंय.”

“म्हणजे?”

“आता एक मिनिट काहीच रेकॉर्ड करायचं नाही. म्हणजे... काहीच नाही, ते रेकॉर्ड करायचं.” तो गोंधळला. पुन्हा सुरुवात केली. “प्रत्येक खोलीची गप्प बसायची आपली तऱ्हा असते. उद्या तुमचा खोकला कापून टाकला, तर तिथे भोक पडतं. ते बुजवायला ह्याच खोलीतली शांतता लागते. दुसरीकडची लावली, तर ठिगळ दिसतं.”

“मग मी जाते. तुम्ही निवांत करा रेकॉर्ड.”

“तुम्ही गेलात तर खोली बदलेल.”

तो हे निव्वळ कामाचं म्हणून बोलला होता. खोलीत माणूस असला की तिचा आवाज वेगळा, नसला की वेगळा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तरी ती बसली, आणि नेहमीपेक्षा जरा सावकाश बसली.

मिनिट सुरू झालं. हलायचं नाही, बोलायचं नाही. कुठे बघायचं, हे काही त्याने सांगितलं नव्हतं. आधी तिने गाद्यांवरची फुलं पाहिली. मग मायक्रोफोनची जाळी. मग टेबलावरचे त्याचे हात— लांब बोटं, एका बोटाला चिकटपट्टी. मग नजर वर गेली, तर तो तिच्याकडेच बघत होता. त्याने पटकन डोळे मिटून घेतले.

“झालं,” थोड्या वेळाने तो म्हणाला. मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं, असं तिला वाटलं. पण घड्याळाकडे तिने पाहिलं नाही.

धडा काही एकदम पार पडला नाही. सरांनी तो ओळखीच्या चारदोन जणांना ऐकवला, आणि त्यांना नाम कुठलं नि क्रियापद कुठलं, काही उमगलं नाही. “उदाहरणं वाढवा,” सर म्हणाले. वाचणाऱ्या बाईंचा घसाही अजून धरलेलाच होता. त्यामुळे ती पुन्हा आली, आणि मग पुन्हा. आठवड्यातून दोनदा तरी ती चार वाजता जिना चढायची. जाकीट आता ती घरीच ठेवून यायची, कडंही. वहिनीने हे पाहिलं होतं, पण वहिनी योग्य वेळेची वाट बघणाऱ्यांपैकी होती.

पावसाचे दिवस होते. वरच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर पहिला थेंब पडला की तो बटण सोडायचा. तिथे पाऊस असा काही वाजायचा, की कुणी चणेफुटाणे ओततंय असं वाटावं. मग काम बंद. तो हेडफोन गळ्यात उतरवायचा, ती कागद मांडीवर ठेवायची, आणि पाऊस थांबेपर्यंत दोघांना काहीतरी बोलणं भागच असायचं.

“तुमच्या धड्यात सगळं वाईटच का वाढतं?” एकदा त्याने विचारलं.

“वाईट कुठे?”

“भाडं वाढलं. रहदारी वाढली. डोकेदुखी वाढली. मामांचं वजन वाढलं.”

“मामांचं वजन वाईट नाही. मामा आनंदी आहेत.”

“तसं लिहिलेलं नाही.”

“बरं, मग तुम्ही सांगा. चांगलं काय वाढतं?”

तो विचारात पडला. पाऊस थांबला, धडा वाचून झाला, रिकामं मिनिटही झालं, तरी त्याला काही सुचलं नाही. पुढच्या खेपेला ती दारातून आत येताक्षणीच तो म्हणाला, “दिवस.”

“अं?”

“चांगलं वाढणारं. थंडी सरली की दिवस मोठा होत जातो. रोज थोडा थोडा. कुणाला न कळता.”

“चार दिवस हाच विचार करत होतात?”

“नाही,” तो म्हणाला. “मध्ये झोपलोही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस विनोद करतो का खरं बोलतो, हे त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. तिला ते आवडायला लागलं होतं... निदान सवयीचं तरी झालं होतं. एवढ्यात दुसरा शब्द नको.

आणखी एका पावसात तिने त्याला बारकावे सांगितले. कितीने वाढलं ते सांगायचं तर ‘बाय’ लावायचं. कुठपर्यंत वाढलं, तर ‘टू’. कशात वाढ झाली, तर नामापुढे ‘इन’. एखादी गोष्ट आपली आपण वाढते, तेव्हाही हाच शब्द, आणि कुणीतरी ती मुद्दाम वाढवतं, तेव्हाही हाच. वाढीला लागलेल्या गोष्टीला ‘ऑन द इन्क्रीज’ म्हणायचं. तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा हनुवटी मुठीवर टेकून ऐकत होता.

“आणि मूल?” त्याने विचारलं. “मूल वाढतं, त्याला हेच?”

“छे! एक मूल वाढतं त्याला नाही चालत. मुलं वाढतात, म्हणजे संख्येने, त्याला चालतं.”

“म्हणजे ज्याची मोजदाद होते, त्यालाच.”

“तसंही नाही. भीती वाढते, आवड वाढते. त्यांना चालतं. कमीजास्त होण्यासारखं काही असलं, की झालं.”

“कितीने ते ‘बाय’, कुठवर ते ‘टू’,” त्याने बोटांवर उजळणी केली. “आणि कशामुळे वाढली?”

“ते व्याकरणात नसतं,” ती म्हणाली आणि उगीचच कागद सारखे करायला लागली.

तो स्वतःबद्दल फार बोलत नसे. पण जेवढं बोलला त्यात एवढं कळलं, की त्याचं लहानपण पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत गेलं. दिवसभर खाली पट्टा फिरायचा. “आई-बाबा हातवारे करून भांडायचे,” तो सांगत होता. “ऐकूच यायचं नाही ना. बाबा लवकर हरायचे. आईला दोन्ही हात मोकळे असायचे, बाबांच्या एका हातात नेहमी चहा.” गिरणीवर मात करून ओरडण्यापेक्षा गप्प बसणं त्याला सोपं वाटलं, आणि ते कायमचंच राहिलं. ही खोली त्याने स्वतःच्या हातांनी बांधली होती. एकेक गादी खांद्यावरून वर आणली होती.

“मला तुमचा राग येतो,” ती एकदा म्हणाली.

तो घाबरला. “का?”

“तुम्हाला माझं सगळं ऐकू येतं. श्वास, आवंढा... पोटसुद्धा. मला तुमचं काहीच ऐकू येत नाही. हा अन्याय आहे.”

“माझ्यात ऐकण्यासारखं काही नाही.”

“ते ऐकणारा ठरवतो.”

पाऊस कधीच थांबला होता. दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात फोन आला. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेत शिक्षकांना इंग्रजी शिकवायची जागा होती. कायमची. दीड वर्षापूर्वी अर्ज करून ती तो विसरूनही गेली होती. होकार की नकार, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

दादाने फोनवरून अर्ध्या नातेवाइकांना कळवूनही टाकलं. तिच्या आनंदातही काही कमी नव्हतं. वर्षानुवर्षं दर जूनमध्ये ‘यंदा ठेवतील का?’ म्हणत बसलेल्या माणसाला कायमची जागा म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. तरी रात्रीचं जेवण झाल्यावर ती ओट्याशी उभी राहून एकच ताटली पुन्हा पुन्हा पुसत होती.

“आता तिच्यावरची फुलं जातील,” वहिनी म्हणाली. वहिनीची योग्य वेळ आली होती. “कोण आहे?”

“कोण कोण?”

“कडं न घालता जिथे जातेस, तिथला.”

“रेकॉर्डिंगवाले आहेत. कामाचे.”

“नाव काय?”

“सगळे हळू म्हणतात.”

“आणि तू काय म्हणतेस?”

ती अडखळली. “मी... अहो म्हणते.”

“आत्तापासून?” वहिनीने ताटली तिच्या हातातून काढून घेतली. “बघ बाई. नोकरी चांगली आहे, ती सोडू नकोस असं मी म्हणेन. पण त्याच्या मनात काय आहे ते न विचारता गेलीस, तर तिथे जाऊन इथल्याच गोष्टींचा विचार करत बसशील. विचारून टाक.”

“मी कशी विचारू? त्यांनी बोलायला नको?”

“मग बसा दोघं. एक बोलत नाही, एक विचारत नाही. छान आहे.”

गुरुवारी शेवटचं रेकॉर्डिंग होतं. धड्याच्या अखेरीला सरांनी एक छोटा संवाद जोडायला सांगितला होता. एक बाई विचारते, एक पुरुष सांगतो. पुरुष कुठून आणायचा, म्हटल्यावर सर म्हणाले, “हळू आहे की!” आणि लिफ्टकडे गेले.

बाईचे प्रश्न तिने आधी वाचून टाकले. मग त्याची पाळी. तो मायक्रोफोनसमोर बसला आणि त्याच्या टेबलाशी ती. कुठलं बटण दाबायचं ते त्याने दाखवलं, आणि स्वतःचे हेडफोन काढून तिच्या हातात दिले. ते अजून उबदार होते. ती म्हणाली, “तुमचा शर्ट बोलतोय.” त्याने घाबरून शर्टाकडे पाहिलं. “गंमत केली,” ती म्हणाली. तो हसला तेव्हा ते हसू तिच्या दोन्ही कानांच्या मधोमध, डोक्याच्या आत कुठेतरी उमटलं. ती दचकली. त्याला रोज असंच ऐकू येत होतं? एवढ्या जवळून?

त्याने उत्तरं वाचली. ‘इन्क्रीज’वरचा जोर प्रत्येक वेळी जिथे हवा तिथे पडला. पावसातल्या शिकवणीचा गुण.

“आता रिकामं मिनिट,” तो म्हणाला.

तिने बटण दाबलं. आणि पहिल्यांदाच तिला तो ऐकू आला. आधी फक्त खोली. एक मऊ, गाद्यांमध्ये गुंडाळलेली शांतता. मग त्या शांततेच्या आत त्याचा श्वास. तो सरळ नव्हता. दोनदा थांबला, एकदा घाईने पुढे गेला. त्याने आवंढा गिळला. ओठ उघडले, ते तिला ऐकू आलं. मिटले, तेही. गुडघ्यावरची बोटं कापडावरून हळूच फिरली. मिनिटभर हलायचं नाही, असं वर्षानुवर्षं जगाला बजावणारा हा माणूस स्वतः एक क्षण स्थिर नव्हता.

त्याला नोकरीचं कळलं होतं. सरांनी सांगितलं असणार, सरांच्या पोटात काही राहत नसे.

“जाऊ नका,” तो म्हणाला.

कुजबुजलाच असेल. पण हेडफोनमधून ते शब्द असे आले, की मानेवर फुंकर बसावी. मिनिट मोडलं होतं. यंत्रावरची सुई अजून थरथरत होती.

तिने बटण सोडलं. हेडफोन काढले. इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते आलं होतं, पण अर्धंच.

“का?” तिने विचारलं.

“अं?”

“का जाऊ नको?”

तो उभा राहिला. गाद्यांकडे बघितलं, छताकडे बघितलं. आज पाऊसही मदतीला येत नव्हता. “म्हणजे... धडा...” तो म्हणाला. “धड्यात काही दुरुस्ती निघाली तर... तुमचाच आवाज लागेल.”

तिने हेडफोन टेबलावर ठेवले. मग उठली, कागद उचलले.

“मी वर्षानुवर्षं अशा नोकरीची वाट पाहिली,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्याला कळायचं ते कळलं. “ती सोड म्हणणाऱ्याने निदान कारण तरी धड द्यावं. दुरुस्तीला त्या बाईंचा घसा आहे. आता बरा आहे म्हणे.”

दार मिटलं. तो त्या खोलीत एकटा उभा राहिला. खोली बदललेली होती.

शुक्रवारी दुपारी दादाने सुट्टी काढून स्वयंपाकघरात फळी बसवायला घेतली. फळी हे निमित्त. धाकटी जाणार म्हणून त्याला घरात काहीतरी ठोकत राहायचं होतं. भाड्याने आणलेलं ड्रिल मशीन भिंतीत शिरलं की सगळ्या घराचे दात शिवशिवायचे. त्यात शिट्ट्या देणारा कुकर, आणि बाहेरच्या खोलीत कुणीही बघत नसताना चालू असलेला टीव्ही.

ती फोन हातात घेऊन खिडकीशी बसली होती. होकार द्यायचा, हे तिने रात्रीच ठरवलं होतं. तरी दुपारपासून फोन नुसता हातात होता.

दारावर कुणीतरी आलं, ते बेल ऐकून नव्हे, वहिनीने सहज दार उघडलं म्हणून कळलं. बाहेर एक उंच, काटकुळा माणूस उभा होता. तो किती वेळ बेल वाजवत होता कोण जाणे. गळ्यात हेडफोन तसेच.

“अगं,” वहिनी आत वळून ओरडली, “हळू आलेत!”

ती दाराशी आली. तिला त्याला बघून आनंद झाला आणि त्या आनंदाचा राग आला.

“दुरुस्ती निघाली का?” तिने विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “म्हणजे धड्यात नाही. मी काल जे...”

घर्रर्रर्र— आतून ड्रिल सुरू झालं. त्याचे ओठ हलत राहिले.

“काय?” ती म्हणाली.

त्याने थांबून पुन्हा सुरुवात केली. ड्रिल थांबलं, त्याने श्वास घेतला, कुकरने शिट्टी दिली. शिट्टी संपली, तर ड्रिल पुन्हा. त्याचे कान बिचारे... असल्या आवाजापासून पळून त्याने अख्खी खोली बांधली होती. तिला वाटलं, आता हा वळेल आणि जिना उतरून जाईल. त्याने एक पाऊल मागे घेतलंही. मग ते परत पुढे टाकलं. डोळे घट्ट मिटले, मान वर केली, आणि जन्मात कधी ओरडला नसेल असा ओरडला—

“जा म्हणून सांगायला आलोय! नोकरी सोडू नका! जाऊ नका म्हणालो ते चुकलं माझं! मला तुम्ही...”

इथे दादाचं भोक पाडून झालं. ड्रिल बंद पडलं.

“...फार आवडता! ते वेगळं!”

‘ते वेगळं’ हे जिन्यातून खालपर्यंत गेलं. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. दादा हातात मशीन घेऊन, डोक्यावर चुन्याची भुकटी, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. वहिनीने टीव्ही बंद केला. आता मात्र घरात अशी शांतता पसरली, की त्याने घाबरून डोळे उघडले.

“कोण हे?” दादाने विचारलं.

“कामाचे आहेत,” वहिनी म्हणाली. “तुम्ही आत चला. फळी तिरकी झालीये.”

“अगं, फळी अजून लावलीच...”

“तरीही तिरकीच आहे. चला.”

दोघंच उरले. तो उंबऱ्याबाहेर, ती आत.

“हे काल का नाही बोललात?” तिने विचारलं.

“काल मी तुमच्या कानात होतो,” तो म्हणाला. ओरडून त्याचा आवाज फाटला होता. “एवढ्या जवळून... नाही जमलं. जरा लांबून बरं पडतं.”

“आणि जा म्हणता, मग तुमचं काय?”

“माझं मी बघेन. तुम्ही माझ्यासाठी राहिलात आणि पुढच्या जूनला इथे पुन्हा कुणाच्या तोंडाकडे बघत बसलात, तर मला ते ऐकवणार नाही.” तो थांबला. “फक्त जाताना... मी आवडतो की नाही, एवढं सांगून जा. नसलो तरी सांगा. मी उतरतो लगेच.”

तिने हातातला फोन वर केला, नंबर लावला आणि कानाला धरला. तो बघत होता.

“नमस्कार. हो, मीच,” ती म्हणाली. “कळवायचं होतं. मी येते आहे. हो. पहिल्या तारखेपासून. आभारी आहे.”

तिने फोन ठेवला. त्याने मान हलवली, एकदा, दोनदा. चेहरा नीट ठेवायची खटपट चालली होती, आणि ती काही साधत नव्हती. “छान,” तो म्हणाला. “छान झालं. अभिनंदन, बाई.”

“बाई नका म्हणू.”

“मग काय म्हणू?”

“ते शोधा. वेळ आहे.” ती उंबरा ओलांडून बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं. वहिनी दाराशीच कान लावून असणार, याची खात्रीच होती. “आणि आवडता. पहिल्या दिवसापासून नाही. त्या दिवशी नुसती भूक लागली होती. मग थोडे आवडलात, मग आणखी थोडे. कितीने ते विचारू नका.”

“नाही विचारत,” तो म्हणाला.

दोघं जिन्यावरून खाली यायला लागले. पावसाची एक सर नुकतीच पडून गेली होती. जिन्याच्या खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता, आणि खाली रस्ता नेहमीसारखाच कलकलत होता. आज तो कानांवर हात ठेवत नव्हता. एका वळणावर तिचा हात कठड्यावर होता, त्याने स्वतःचा शेजारी ठेवला. ती पुढे उतरली नाही.

“तिथे...” तो म्हणाला, “रविवारी गाडी असते?”

“सकाळची असते. पहाटे निघते, दहाला पोचते.”

“आणि परतीची?”

“परतीची आत्तापासून कशाला बघता?” ती म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेऊन पुढची पायरी उतरली.